‘सुटले’ या शब्दाचा घोळ

आई, इथूनच वाकून नमस्कार करते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. दोन दवाखान्यांच्या नोंदींतले शब्द जुळवून त्यांचे कॉम्प्युटर जोडायचं काम चालू आहे. एका दवाखान्यात घरी सोडलेल्यांपुढे ‘सुटले’ लिहीत. दुसऱ्यात हाल सोसून गेलेल्यांपुढेही नर्सबाई ‘सुटले’च लिहीत. मी न विचारता सगळ्यांना ‘घरी सोडले’ करून टाकलं.

परवा एक बाई मोबाइल दाखवत आल्या. ‘‘यांना तपासणीला आणा, असा मेसेज आलाय. मग आम्ही स्मशानात पोचवलं कोणाला?’’

‘‘माझी चूक झाली,’’ मी म्हटलं.

पिशवी घट्ट धरून त्या म्हणाल्या, ‘‘पण मी त्यांना घरी न्यायला त्यांचे कपडे आणलेत.’’

बाबांना दवाखान्यातून कधी सोडणार? आले, की ‘घरी आले’ असंच लिही.

तुझी,
धाकटी