हवेतला अंगठा

सिस्टर, तुम्ही शिकवायच्या त्या नर्सिंग शाळेत आता मी शिकवते, आणि माझ्या पोरी डोळ्यांवर डबा बांधून बाळंतपण शिकतात. हसू नका. व्हीआर म्हणतात त्याला. डबा चढवला की समोर खाट, बाई, रक्त, सगळं खऱ्यासारखं दिसतं. दोन्ही हातांत दांड्या असतात, अंगठ्यानं बटन दाबलं की चित्रातला हात काम करतो. मीच भांडून भांडून आणवला तो. आम्ही पडायचो तशा या पोरी पहिलंच रक्त पाहून धाडकन पडू नयेत, एवढंच मनात होतं. आणि खरंच पडत नाहीत.

परवा दिघोरीची एक पोरगी, त्या डब्यात सगळ्यांच्या पुढं असणारी, माझ्यासोबत खऱ्या प्रसूतिगृहात उभी होती. अड्याळची पहिलटकरीण. बाळ रडलं, वार पडली, पण रक्त काही थांबेना. पोरगी बिलकुल घाबरली नाही. डॉक्टरला निरोप धाडला, इंजेक्शन भरलं, सगळं ओळीनं. मग गर्भपिशवी आवळावी म्हणून पोट चोळायला हात पुढं केला आणि तो वीतभर वर, हवेतच थांबला. अंगठा तेवढा हलत होता. बटन दाबत होती ती! "अवं, हात लाव ना!" मी ओरडले. "लावूनच तं राहिली, मॅडम," ती म्हणते, आणि इकडं चादर लाल होत चालली आहे.

तेव्हा मला तुम्ही दिसल्या. हीच खोली, मी विद्यार्थिनी, समोर अशीच बाई, आणि तुम्ही हात पाठीमागं बांधून उभ्या. "शिकवणारीनं हात मांगंच ठेवाचे," हा तुमचा नियम. "काहून थांबली? दाब. मी येत नाही." मी दाबलं, बाई वाचली, आणि त्या दिवशी मला नर्स केलं, असं तुम्ही मरेपर्यंत कौतुकानं सांगत राहिल्या. मी मात्र कितीतरी दिवस झोपेतून दचकून उठायची. आता काय करू? तुमच्यासारखी उभी राहिले तर बाई हातची जाते. पोरीला ढकलून स्वतः केलं, तर ती पुन्हा कुणाच्या पोटाला हात लावणार नाही.

मी तिचा हात धरला, बाईच्या पोटावर टेकवला, वर माझा ठेवला आणि जीव खाऊन दाबला. खाली सगळं भिजल्या कणकेसारखं मऊ. "चोळ. गोल गोल. सोडू नको." "मॅडम, गरम हाय," ती दचकून म्हणाली. "मंग? जित्तं माणूस हाय ते!" ती चोळत राहिली, मी दाबत राहिले, डॉक्टर अजून आलेले नाहीत. आणि मग तीच किंचाळली, "कडक होऊन राहिलं, मॅडम!" रक्त ओसरलं. बाई वाचली. बाहेरच्या बाकावर बसून आम्ही दोघी ढसढसा रडलो.

तुमचं चुकलं होतं, सिस्टर. त्या दिवशी मला तुमचा हात पाहिजे होता. एवढं लिहिलं आणि मला घाम फुटला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला उलटून बोलायची माझी टाप नाही. हे पत्र ठेवूनच देते. शाळेत तुमचा फोटो लावलाय, आणि त्याच्यासमोरून जाताना मी अजून ॲप्रन सरळ करते.