आठ मिनिटांचं कॉन्ट्रॅक्ट

९ मे २००६
आजपासून उत्कर्षच्या करिअरची सूत्रं माझ्याकडे. चिरंजीव हॅम्बर्गच्या सेकंड डिव्हिजन बास्केटबॉल क्लबात बॅकअप पॉइंट गार्ड. म्हणजे खेळ चालवणारा मुख्य गडी दमला की हा आत. मॅचला आठ मिनिटं. कॉन्ट्रॅक्ट जूनअखेर संपतं. क्लब त्याच अटींवर आणखी एक वर्ष द्यायला तयार. सही करून टाकतो, म्हणाला (जर्मनमध्ये, नेहमीप्रमाणे). म्हटलं, थांब. बाप बसलाय ना इथे!

११ मे
मूल्यमापन पूर्ण. मी बेंचच्या मागेच बसतो आणि कान तिखट. जानेवारीत कोच असिस्टंटला म्हणाला होता, हा आत गेला की बाकीचे चौघं आरडाओरडा थांबवतात. हे स्कोअरशीटवर कुठे दिसतं? पंधरा मिनिटं हवीत. लेखी. शैला म्हणाली, "अहो, त्याला विचारलंत का?" विचारायचं काय त्यात.

१६ मे, दुपारी
क्लबचे मॅनेजर लुडेके यांच्यासमोर मी आणि उत्कर्ष. मिनिटं कोच ठरवतो, कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहीत नाहीत, म्हणाले. मग मी ठेवणीतला डाव टाकला. लक्ष्मी रोडला फूटपाथवर पट्टे विकून वर आलोय. पाठ फिरवलेल्या गिऱ्हाइकाला पाचव्या पावलाला हाक मारायचीच, हा धंद्याचा नियम. "मग राहू दे," म्हणून उठलो. लुडेकेही उठले. वाईट वाटतंय म्हणाले, हात मिळवला, वहीत काहीतरी लिहिलं. लिफ्टपाशी मी बुटाची नाडी दोनदा बांधली. हाक नाही. जर्मन माणूस आधी विचार करतो.
गाडीत उत्कर्ष म्हणाला, मी फोन करून हो सांगतो. म्हटलं, भाव पडेल, शुक्रवारपर्यंत थांब. हातातला फोन त्याने परत खिशात ठेवला. मग 'बरं' म्हणाला. पोराचा विश्वास आहे.

१८ मे
फोन नाही. याचा अर्थ विषय बोर्डापुढे गेला. शैलाला फोनवर गप्पा बंद केल्यात. लाइन चालू आहे, असं तिने तिसऱ्यांदा सांगितलं. या वेळी हात जोडून.

१९ मे
शेवटी उत्कर्षनेच फोन लावला. दाराआडून ऐकलं: "या. या. गेनाऊ." म्हणजे हो, हो, अगदी बरोबर. बाहेर येऊन म्हणाला, मंगळवारी आपण नकार दिला, तसा त्यांनी नोंदवला. बुधवारी दुसऱ्याची सही झाली.
 

२३ जून
इथून पाचशे किलोमीटरवर, डार्मश्टाटजवळच्या एका क्लबात जागा मिळाली. एक डिव्हिजन खाली. अटी काय, विचारलं. "चांगल्या आहेत." एवढंच.
सही केलेला फॉर्म टेबलावर होता. 'खेळाडूतर्फे कोण बोलणार' या रकान्यात नुसती रेघ. घाईत राहून गेलं असणार, म्हणून मी पेन काढलं. शैलाने कागद हातातून घेतला, पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं.
पोस्टाच्या पेटीत टाकायला मात्र मलाच पाठवलं.