सतरा जणांची विहीर

१२ एप्रिल १९७६, सोमवार

सतरा! एका विहिरीवर नारूचे सतरा रोगी! जत तालुक्याच्या टोकाची ही वाडी. पुढे ओढा, ओढ्यापलीकडे कर्नाटक. नर्सची पिशवी घेऊन आठ दिवस दोन्हीकडे घरोघर फिरून पाय बघतेय. कुणाच्या घोट्यातून, कुणाच्या पोटरीतून दोऱ्यासारखा पांढरा जंत लोंबतोय, काडीला गुंडाळलेला. रोज बोटभर ओढायचा. तुटला की पाय सुजतो. सगळी त्याच विहिरीच्या पायऱ्या उतरतात, पाण्यात पाय बुडवून घागर भरतात — आणि तेच पितात! पायऱ्या बुजवून वर रहाट बसवला की संपलं. मग बसवत का नाही कुणी?

१५ एप्रिल

तालुक्याच्या आरोग्य कचेरीत यादी दिली. साहेबांनी नावांवरून बोट फिरवलं. "गुणमालाबाई, यातले अकरा ओढ्यापलीकडचे. खोडा."

उरले सहा. विहिरीचं काम मंजूर व्हायला दहा रोगी लागतात.

म्हटलं, "पण विहीर आपल्या हद्दीत आहे."

"विहिरीला नारू होत नाही, बाई. माणसांना होतो."

येताना एस.टी.त बसवेना. दोन थांबे आधीच उतरून चालत आले.

१६ एप्रिल

चार माणसं हवीत. फक्त चार!

मी राहते ती हरणाबाईकडे. तिच्याही टाचेत नारू. तिला विचारलं — पलीकडचा धुळा धनगर, त्याची बायको, दोन पोरी, तुमच्या घरात लिहू का? धुळा तुमचा भाऊ म्हणून?

काडी फिरवता फिरवता म्हणाली, "लिवा की. मला भाऊ न्हवताच. लय वाटायचं, असावा."

लिहिलं, यादी परत पाठवली. अक्षर माझं वाटत नाही.

२२ एप्रिल

साहेब तपासणीला आले! न सांगता, जीप घेऊन! धुळा नेमका विहिरीवर, मेंढरांना पाणी पाजत होता. त्याला सांगायचं राहूनच गेलं होतं!

साहेब पुण्याचे, कानडी येत नाही. हरणाबाईकडे बोट दाखवून धुळाला म्हणाले, "ही बहीण का तुझी?"

धुळा गोंधळला. "ननग अक्का इल्ला."

म्हणजे — मला बहीण नाही! आमच्या घरात कानडीच बोलतात, मला लगेच कळलं. पण साहेबांना 'अक्का' एवढंच कळलं. मान डोलावून जीपमध्ये बसले.

धुरळा खाली बसेपर्यंत हरणाबाईनं तोंडातला पदर काढला नाही. मग म्हणाली, "भावाला मराटी शिकवाय पायजे, बाई."

२३ एप्रिल

हसले खरी काल. आज ती चार नावं पुन्हा पुन्हा वाचतेय.

५ मे

पत्र आलं. दहा रोगी मान्य. काम नामंजूर — यंदा निधी नाही.

खोटं लिहिलं, तेही फुकट! हरणाबाईला अजून सांगितलेलं नाही. तीनदा विहिरीपर्यंत जाऊन आले. कशाला, कोण जाणे. धुळाची बायको लंगडत पायऱ्या उतरत होती. तिला म्हणू तरी काय, उतरू नको?

११ मे

सकाळी ओढ्यातून बैलगाडी आली. दगड, सिमेंटची पोती, चार गवंडी — कानडी! पायऱ्या बुजवायला आलेत! मेस्त्रीकडे तिकडच्या कचेरीचा हुकूम. त्यानं यादी वाचून दाखवली. रोगी सतरा, सतराही कर्नाटकातले! तिकडच्या नर्सनं आमचे सहाही जण आपले म्हणून लिहिलेत. मी तिला अजून पाहिलेलंसुद्धा नाही.

साहेबांना कळवणार नाही. चप्पल घालते. ओढ्यापलीकडे जायचंय.