डाव्या गुडघ्याचा निरोप

सर, परवा माझ्या गुडघ्याचा एमआरआय झाला. करावे गावाच्या बाजूला, आता ज्याला सीवूड्स म्हणतात तिथे. शिरेतून औषध टोचलं, "काका, जरा चालून या" म्हणाले, आणि मग त्या यंत्रात झोपवलं. नंतर तिथल्या मुलीनं पडद्यावर माझ्या हाडांमधली कूर्चा दाखवली, झिजलेली जागा वेगळ्या रंगात. मी सगळं आयुष्य एक्स-रे काढण्यात घालवलं हे तिला सांगितलं नाही. मला तिचा हेवा वाटला, आणि हेवा म्हटलं की मला तुम्ही आठवता. तुम्ही आणि माझी आई.

साठ सालानंतरची ती वर्षं. साध्या एक्स-रेत हाडं दिसायची, त्यांच्यामधली कूर्चा नाही. तिथे नुसती फट. आणि संधिवातात झिजते ती नेमकी तीच. म्हणून तुम्ही गुडघ्यात सुईनं आयोडिनचं औषध आणि थोडी हवा सोडायचात, वरून पट्टी आवळायचात, पेशंटला दहा पावलं चालवायचात आणि औषध विरायच्या आत मी फिल्म घ्यायची. औषध पांढरं उमटायचं, त्याला लागून कूर्चेचा राखाडी पट्टा. पण बहुतेक वेळा औषध पुढेच साचून राहायचं, मागे पोचायचंच नाही. एकदा मी धीर करून म्हटलं, "सर, पेशंटला गुडघा पूर्ण दुमडायला लावला तर?" तुम्ही वरही न बघता म्हणालात, "तू फिल्म धू." चार वर्षं मी उरणजवळच्या मोऱ्याहून लाँचनं मुंबईत भाऊच्या धक्क्याला उतरून हॉस्पिटलमधल्या तुमच्या एक्स-रे खात्यात येत होतो, आणि मला तुमच्या तोंडून "बरी आलीय" एवढे दोन शब्द ऐकायचे होते. मी ओली फिल्म घेऊन डार्करूममधून बाहेर येतो, तुम्ही ती उजेडाला धरता, आणि पुढच्या पेशंटकडे वळता. रोज हेच.

आईला तुमच्याकडे मीच आणलं. उरणच्या बाजारात पाटीमागे उकिडवी बसून मासे विकण्यात तिचे दोन्ही गुडघे गेले होते. तुम्ही उजव्या गुडघ्यात औषध सोडलंत, तिनं हूं की चूं केलं नाही. तुम्ही चालायला सांगितलंत आणि ती चालत चालत थेट दाराबाहेर गेली. मी मागून धावलो, तर बाई व्हरांड्यात भिंतीशी उकिडवी बसलेली. गुडघे पार दुमडलेले, बाजारात बसते तश्शी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आये, ऊठ. चालायला सांगितलाय, बसायला नाय."

"चालले की धा पावला. आता उभ्यानं कोन वाट बगंल?"

तेवढ्यात तुम्ही मागे येऊन उभे. आता माझी खरडपट्टी निघणार असं मी धरूनच चाललो होतो. तुम्ही म्हणालात, "मावशींवर ओरडू नकोस. लगेच फिल्म घे." ती फिल्म धुतानाच, डार्करूमच्या लाल दिव्यातसुद्धा, मला दिसलं. औषध मागेपर्यंत पसरलं होतं, कूर्चेची कड सगळीकडून उमटली होती, आणि जिथे ती झिजली होती तिथला खड्डासुद्धा. तुम्ही फिल्म बराच वेळ उजेडाला धरलीत. "बरी आलीय," म्हणालात. तिच्याकडे बघून.

दुसऱ्या दिवसापासून पेशंटला दहा पावलांनंतर उकिडवं बसवायचं ठरलं. विद्यार्थ्यांना तुम्ही सांगायचात, "हे मला मोऱ्याच्या एका मावशींनी शिकवलं." मी तिथेच, फिल्मचा डबा हातात घेऊन उभा. मी आधी काय विचारलं होतं ते तुमच्या गावीही नव्हतं. आई माझ्याकडे तुमच्यासाठी सुकट द्यायची, तुम्ही दुसऱ्या दिवशी तिची तोंडभर स्तुती करायचात. मला तुम्ही कधी घरचं काही विचारलं नव्हतंत, आता रोज विचारू लागलात, पण काय, तर मावशी कशा आहेत. आणि इकडे स्वयंपाकघरात आई शेजारणींना सांगतेय, "डाक्टर मना मावशी बोलतान." मला ते ऐकवत नसे. चार वर्षांत मला जे मिळालं नाही ते तिनं एका सकाळी नुसतं खाली बसून मिळवलं होतं. सख्ख्या आईबद्दल असं वाटणं चांगलं नाही हे मला तेव्हाही कळत होतं.

मग तुम्ही म्हणालात, "सोमवारी मावशींना घेऊन ये. डावा गुडघाही बघू, आणि एक नवीन इंजेक्शन आलंय, ते दोन्हीकडे देऊ. आराम पडेल त्यांना." मी घरी आलो. आईनं भात वाढला, मी जेवलो, आणि हा निरोप तिला दिला नाही. सोमवारी तुम्हाला सांगितलं, "आई नको म्हणते, सर. सुईला घाबरते." तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे बघितलंत. "मावशी घाबरतात?" मग म्हणालात, "बरं. जबरदस्ती नको." हळूहळू तुम्ही विचारायचं सोडलंत. मला वाटलं होतं, आता मला काहीतरी विचाराल. तेही नाही.

आई मात्र विचारत राहिली. दाराची चौकट धरून उठायची आणि म्हणायची, "डाक्टर इसरला का रं मना?" मी म्हणायचो, त्यांना कामं असतात. पुढे तिचा बाजार सुटला. घरात ती बसल्या बसल्या सरकायची, चुलीपासून दारापर्यंत. इंजेक्शननं तिला किती दिवस आराम पडला असता ते मला माहीत नाही. एक वर्ष, सहा महिने, एखादा आठवडा. जो काही पडला असता तो मी ठेवून घेतला.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही. ती आधी गेली, मग तुम्ही. तिकडे भेट झाली असेल तर तुम्ही तिला विचारलंच असेल, मावशी, सुईला का घाबरलात? आणि ती म्हणाली असेल, मना कोनी बोलावलाच नाय. म्हणजे मी इथे लिहिलेलं सगळं तुम्हाला केव्हाच कळलेलं आहे. मला त्याची लाज वाटते. पण खरं सांगतो सर, त्याहून जास्त मला हे सलतं की तुम्ही दोघं तिथे माझ्याशिवाय बोलत बसला असाल.