रेवणची भुवई

ती. अव्वास,
पुण्याहून मल्लिनाथ तुझ्या पायावर डोकं ठेवतो.

मी बरा हाय. मेसमधली भाकर पातळ असती, पण पोट भरतं. तुझे गुडघे कसे हायत? अप्पा गोळ्या घेतात का?

चित्रकलेच्या वर्गात सरांनी आरशात बघून स्वतःचा चेहरा काढायला लावला. माझा बघून म्हणाले, "हुबेहूब आलाय. पण मेलेल्या माणसासारखा का दिसतो?"

रेवण गेला तवा त्याचा धड फोटो सापडला न्हाय. "जुळी पोरं, कोण ओळखतंय," म्हणून अप्पांनी लोहारा गावच्या स्टुडिओतनं माझाच फोटो मोठा करून आणला, हार घातला. दिवाळीत तू त्याच्यापुढं दिवा लावून रडत होतीस. मी मागंच उभा होतो, अव्वा. तू वळून बघितलं न्हाईस.

सोबत रेवणचं चित्र पाठवतोय. चेहरा आरशात बघून काढलाय. डाव्या भुवईत बैलाचं शिंग लागल्याची खूण तेवढी आठवणीनं घातलीय. हे भिंतीवर लाव आणि माझा फोटो उतरव. मग मी घरी येतो.

तुझा जिता लेक,
मल्लिनाथ