मी सांगितलेला अर्थ

सोमवार, ३ फेब्रुवारी १९३६
काल उपासनेला एकोणीस माणसं. अकरा डावीकडे, आठ उजवीकडे, मधे बैलगाडी जाईल एवढी जागा. डावीकडे शिमोनअप्पाचं घरदार, उजवीकडे याकोबअप्पाचं. दोघे चुलतभाऊ, दोघे इथल्या ख्रिस्ती मंडळीचे पंच. दीड वर्षामागं लग्नाच्या पंगतीत शिमोनच्या जावयाला शेवटी वाढलं, त्यावरून हे महाभारत. तेव्हापासून प्रभुभोजन बंद. द्राक्षरसाचा प्याला सगळ्यांना एकच, आणि त्याच्या ओठाला लागलेला ह्याच्या ओठाला चालत नाही.
प्रार्थनामंदिराच्या परवानगीचा सरकारी उर्दू कागद शिक्क्यासह पेटीत पडून आहे. जागा आहे, दगड आहे. हात नाहीत.
आज मिशनच्या साहेबांचं पत्र. ईस्टरपर्यंत मंडळी एक झाली नाही तर इथलं काम बंद, माझी बदली. सात वर्षं पाण्यात.

बुधवार, ५ फेब्रु.
पवित्र शास्त्रातला आत्म्याच्या दानांचा भाग परत वाचला. कोणाला शिकवण्याचं, कोणाला बरं करण्याचं, कोणाला अन्य भाषांचं, कोणाला त्यांचा अर्थ सांगण्याचं. आणि सगळी मंडळीच्या उभारणीसाठी. मला कोणतं? सात वर्षांत तिघांना वाचता आलं, त्यातला एक हैदराबादेला पळाला.
सौ. ला विचारलं. तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "तुमाला बोलायचं दान हाय. थांबायचं न्हाई." हसण्यावारी नेलं, पण दिवसभर टोचत राहिलं.

रविवार, ९ फेब्रु.
आज घडलं ते नीट लिहितो.
प्रार्थना चालू होती. गंगू नेहमीप्रमाणे दाराशी, चपलांजवळ. चाळिशीची बाई, वस्तीची झाडलोट करते, सांगितलं तेवढं बोलते. मोठ्या दुष्काळात पाच वर्षांची असताना गावाबाहेरच्या विहिरीपाशी सापडली. शिमोनच्या आईनं उचलून आणली, वाढवली. आज तिचं अंग थरथरायला लागलं आणि ती बोलू लागली. कोणालाच न कळणारी भाषा. आवाजही तिचा नव्हे, बारीक, लहान पोरीसारखा. डोळ्यांतून धारा.
सगळे गुडघ्यांवर. याकोब मुलूखभर फिरलेला. म्हणाला, "कानडी न्हाई. तेलगू न्हाई. लमाणीबी न्हाई." शिमोन म्हणाला, "मग वरची हाय." दीड वर्षात एकमेकांच्या बोलण्याला जोडून बोललेले हे पहिलेच शब्द.
मग सगळे माझ्याकडे वळले. "मास्तर, अर्थ सांगा की."
मी सांगितला. "प्रभू म्हणतो, या गावात मला बसायला जागा नाही. दोघे भाऊ एका दगडाला हात लावतील त्या दिवशी मी आत येईन."
कुठून आलं हे? मला खरंच तसं वाटलं होतं? वाटलं असेल. शिमोन उठला, मधली जागा ओलांडून याकोबच्या गळ्यात पडला, आणि दोन दांडगे म्हातारे पोरांसारखे रडले. मीही रडलो.

सोमवार, १० फेब्रु.
सकाळी दार उघडलं तर दोघे जागेवर हजर. शिमोनच्या हातात ओळंबा, याकोबची बैलजोडी जुंपलेली. पायाचा पहिला दगड दोघांनी मिळून बसवला.
सौ. नं विचारलं, "तुमाला ती भाषा कळली व्हय?" म्हणालो, आत्म्यानं कळवलं. तिनं सूप ओढून ज्वारी पाखडायला घेतली. मला तिचं असं पाखडणं आवडत नाही.

रविवार, १ मार्च
लिहायला सवड नाही, हेच सुख. भिंती कमरेच्या वर गेल्या. शिमोनच्या हातात दगड वळतो तसा अख्ख्या तालुक्यात कोणाच्या हातात वळत नसेल, आणि हा माणूस दीड वर्ष बाजेवर बसून तंबाखू चघळत होता. याकोबची सून सगळ्यांच्या भाकरी करते आहे, आणि गाते काय! मला ठाऊकच नव्हतं. दानं होती की सगळी, झाकून ठेवलेली.
आज प्रभुभोजन. दीड वर्षानं. प्याला शिमोनकडून थेट याकोबकडे गेला.
गंगूला पुढच्या ओळीत बसवलं. नवं लुगडं दिलं. ती बसते ताठ, कोणीतरी उठवील या भीतीनं.
लोक माझ्याकडे स्वप्नं घेऊन येतात. काल एकाच्या स्वप्नात म्हैस विहिरीत पडली, तिचाही अर्थ सांगितला. वरच्या गावातले लिंगायत अण्णासुद्धा येऊन विचारून गेले. खोटं कशाला लिहू, बरं वाटतं.

गुरुवार, १२ मार्च
माती वाहायला टोपल्या हव्या होत्या. कैकाडीण आली टोपल्या घेऊन, दुर्गव्वा नावाची. दुपारी सगळे जेवायला गेले होते. मी तिच्याशी भावाची घासाघीस करत होतो. गंगू भिंतीच्या सावलीत डोळे मिटून प्रार्थनेला बसलेली. एकाएकी तीच भाषा सुरू झाली. तोच बारीक आवाज.
दुर्गव्वानं डोक्यावरची चळत खाली ठेवली. आणि तिला उत्तर दिलं. त्याच भाषेत.
गंगूनं डोळे उघडले, म्हणाली, "काय म्हनायलीस बाई?" तिला काही कळलं नव्हतं. ती उठून पाण्याला गेली.
दुर्गव्वाला बाजूला घेतलं. अर्धी कानडी, अर्धी मराठी. "ही आमची बोली, मास्तर. घरात बोलताव, भाईर न्हाई."
काय म्हणाली ती?
"म्हनती: माय, थांब. मी चालते. पाय दुखत न्हाईत माजे. भूक न्हाई लागली मला. थांब."
पुढचं तिनं विचारल्याशिवायच सांगितलं. त्यांच्या तळावर एक म्हातारी आहे, आंधळी होत आलेली. या गावाजवळून जाताना ती गावाबाहेरच्या विहिरीचं पाणी पीत नाही. जीव गेला तरी पीत नाही. कामून, ते कोणाला सांगत नाही. आत्ता तळ हुमनाबादेजवळ आहे, गाडीनं अर्ध्या दिवसाची वाट. पुढच्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी, म्हणजे २३ ला, तळ उठणार, सोलापूरकडे.
टोपल्यांचे तिनं मागितले तेवढे दिले. घासाघीस राहिली.

शुक्रवार, १३ मार्च
सौ. ला सांगितलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "तिच्या तोंडातलं काढून तुमी आपलं घातलात."
मी म्हणालो, फळ बघ. मंडळी एक झाली, भिंती उभ्या राहिल्या. हे उघडं पडलं तर शिमोन आणि याकोब पहिल्यापेक्षा दूर जातील. मास्तरनं फसवलं म्हणतील. गंगूला तरी काय मिळणार? आज ती प्रभूचं पात्र आहे. उद्या विहिरीवर टाकलेली पोर होईल. 'आपली नव्हेच' म्हणून परत चपलांजवळ बसवतील.
"आन तिची माय?"
ती म्हातारीच तिची आई कशावरून, असं म्हणालो.
"म्हातारी पानी कामून पीत न्हाई मग?"
जेवलो नाही.

रविवार, १५ मार्च
हे लिहिणार नव्हतो. लिहितो.
मंदिराचं दार कोणत्या बाजूला, यावरून काल ठिणगी पडली. शिमोनला वरच्या आळीकडे हवं, याकोबला खालच्या. आज उपासनेत दोघे पुन्हा हातभर अंतरावर सरकून बसले. आणि प्रार्थनेत गंगू बोलू लागली. माय, थांब. आता मला शब्द ओळखू येत होते. थांब म्हणते तिथं तिचा आवाज चिरतो.
"मास्तर, अर्थ."
आणि मी म्हणालो, "प्रभू म्हणतो, दार पूर्वेला ठेवा. कोणाच्याच आळीकडे नको."
सगळे खूश. शिमोननं माझा हात डोळ्यांना लावला.
पहिल्या वेळी मला तसं वाटलं होतं, असं म्हणता येईल. आज नाही. आज मला सगळं ठाऊक होतं. सौ. मधेच उठून घरी गेली होती.

मंगळवार, १७ मार्च
साहेबांचा निरोप. रविवारी, २२ ला, स्वतः येऊन मंदिराचं समर्पण करणार. जिल्ह्यातल्या सगळ्या मंडळ्यांना आमचं उदाहरण सांगणार आहेत म्हणे. 'तुम्हाला मिळालेल्या दानाविषयी चार शब्द बोला.'
साहेबांना खरं कळवणारं पत्र लिहिलं. चार ओळी झाल्या, फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं.
सौ. बोलत नाही. वाढते, बोलत नाही.

गुरुवार, १९ मार्च
सांगितलं.
छपराचं गवत चढलं, आत एकटी गंगू जमीन सारवत होती. दुपारची वेळ, बाकी सगळे झाडाखाली. मी भिंतीला टेकून बसलो आणि एका दमात बोलून टाकलं: ती भाषा कोणाची, तू काय म्हणतेस, मी काय सांगितलं, विहिरीचं पाणी न पिणारी म्हातारी. मला वाटलं, रडेल. चिडेल. शेणाचा गोळा तोंडावर मारील, आणि मारला असता तरी बरं झालं असतं.
तिचा हात थांबला. मग परत फिरू लागला. तेवढाच तुकडा सारवत राहिली. मग विचारलं, "थांबली का?"
मी म्हणालो, कोण?
"माजी माय. मी येवडं म्हनलं, थांब म्हून. थांबली का ती?"
म्हशीच्या स्वप्नाचा अर्थ सांगणारा मी. म्हणालो, ते मला ठाऊक नाही.
"बरं," म्हणाली आणि सारवू लागली.

शुक्रवार, २० मार्च
गंगू सकाळी दारात. पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत आली. सौ. नं चहा दिला, तिच्याजवळ बसली.
मी म्हणालो, आजच गाडी करू, तुला हुमनाबादेला नेतो, कोणाला काही कळायची गरज नाही. बरं वाटेल असं बोलत होतो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "चोरून कामून जाऊ? चोरून टाकलं व्हतं मला. आयतवारी जाते. समद्यांम्होरं सांगून."
आयतवारी साहेब येणार आहेत, म्हणालो.
"व्हय. त्यांच्याबी म्होरं."
मग तूच सांग, म्हणालो. हे मी म्हणालो, याची लाज वाटते.
"मला ती बोली येत न्हाई, मास्तर. बोलते मी, कळत न्हाई मला. तुमालाच सांगावं लागतंय."
सौ. कपबशा घेऊन आत गेली. आतून तिचं नाक ओढणं ऐकू आलं.

शनिवार, २१ मार्च
साहेब आले. भिंतींवरून हात फिरवून शिमोनला शाबासकी दिली. पूर्वेचं दार बघून म्हणाले, छान सुचलं.
याकोब विचारायला आला. "गंगूनं उद्यासाठी माजी गाडी मागितली. हुमनाबादला म्हनती. कामून म्हनलं तर, मास्तर सांगतील म्हनती. काय वो मास्तर?"
उद्या सांगतो, म्हणालो. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. कसला तरी चांगला अर्थ असणार, अशा भरवशानं.

रविवार, २२ मार्च, सकाळी
मंदिर भरलं आहे. इथून दिसतं. दोन्ही घरं एकाच ओळीत, मिसळून. शिमोनच्या जावयाच्या मांडीवर याकोबचा नातू. प्याला घासून पांढऱ्या फडक्याखाली ठेवला आहे. एका तासानंतर यातलं काय उरेल, मला माहीत नाही. शिमोन अंगावर येईल. साहेब काय करतील तेही ठाऊक नाही. मंडळी राहील की मोडेल?
गंगू पुढच्या ओळीत नाही. दाराशी, चपलांजवळ, आपल्या जुन्या जागी. शेजारी गाठोडं. बाहेर याकोबची बैलं जुंपलेली.
घंटेऐवजी टांगलेला रुळाचा तुकडा वाजला. सौ. आठ दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलली. "चला."
भाषणाचं टिपण काढलेलं नाही. सुरुवात कशी करायची तेही ठरत नव्हतं. आता वाटतं, तिच्याच शब्दांनी करावी. माय, थांब.