नोंदवहीतले सात

प्रति,
मा. मुख्य अभियंता,
यंत्र विभाग, रुग्णालय.

विषय: बॉयलर बंद करून तपासण्याचा लेखी आदेश तातडीने मिळण्याबाबत, तसेच पाळीवर दुसरा चालक देण्याबाबत.
संदर्भ: आपले परिपत्रक, ‘स्वतःची काळजी आणि कुटुंबासाठी वेळ’.

महोदय,

१. आज दुपारी साडेतीन वाजता बॉयलरच्या दर अर्ध्या तासाच्या नोंदवहीत वाफेचा दाब ‘७’ लिहिला गेला. तो अर्जदार बॉयलरचालकाने लिहिलेला नाही. तिच्या मुलीने लिहिला, वय नऊ. अर्जदार खुर्चीत झोपली होती. जाग आली तेव्हा दाबमापकाचा काटा साडेआठवर होता. धोक्याची लाल रेघ दहावर आहे.

२. सोबतचे चालक निवृत्त झाल्यापासून अठरा दिवस अर्जदार सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एकटी आहे. परिपत्रकात रोज अर्धा तास स्वतःसाठी आणि काही वेळ मुलांसाठी काढण्यास सांगितले आहे. घरी कोणी नसल्याने मुलगी शाळेतून थेट बॉयलरखोलीत येते. तेवढाच तिचा सहवास, आणि तेवढ्यातच अर्जदाराचा डोळा लागतो.

३. विचारल्यावर मुलगी म्हणाली, “तू दमली होतीस ना, म्हणून उठवलं नाही. वरचाच आकडा खाली लिहिला. नेहमी तसंच करते.” नेहमी म्हणजे कधीपासून, हे तिला सांगता येईना. तिला अंक अर्जदारानेच गिरवायला शिकवले, त्यामुळे दोघींचे सात हुबेहूब आहेत. अठरा दिवसांच्या पानांवर सातच सात. त्यांतला खरा कुठला, हे अर्जदार शपथेवर सांगू शकत नाही. दोष मुलीचा नाही.

४. जाळ कमी केला, काटा उतरला नाही. तो अडकला आहे की दाब खरोखर तेवढा आहे, कळत नाही. शस्त्रक्रियागृहाची उपकरणे याच वाफेवर निर्जंतुक होतात, म्हणून आपल्या लेखी आदेशाविना बॉयलर बंद करण्यास मनाई आहे. फोनवर आपले लिपिक म्हणाले, “बाई, साहेब बैठकीत आहेत. अर्ज पाठवा, लेखी असलं की पुढे सरकतं.” म्हणून हा अर्ज. काट्यावर नजर ठेवून लिहीत आहे, अक्षराबद्दल क्षमा असावी.

५. मुलीला फाटकावर पहारेकऱ्याजवळ बसवले आहे. चारची नोंद राहिली म्हणून ती रडत होती.

आदेशाची वाट पाहत, काट्यासमोर उभी असलेली,
आपली नम्र,
बॉयलरचालक (सही)
दिनांक: आजचाच. वेळ: चार वाजून दहा मिनिटे.

सोबत: नोंदवहीची अठरा पाने.

ता. क. चार वाजून वीस मिनिटे. काटा नऊवर. हा आकडा अर्जदाराने स्वतः पाहून लिहिला आहे. अर्ज न्यायला शिपाई अजून आलेला नाही.